पडेल ते काम, मिळेल तेव्हा पैसे

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि ‘मालेगाव’ म्हटलं की पुढचा प्रश्न यंत्रमागांचा येतो. मग सांगावं लागतं की नाशिकचं नव्हे, वाशिमचं. कागदोपत्री मालेगाव जहांगीर. आमच्याकडे माग नाहीत आणि एका धंद्यावर अख्खं गाव जगेल असं दुसरंही काही नाही. आहेत त्या दोन सडका. एक अकोल्याहून मेडशीमार्गे येते आणि वाशिम-हिंगोलीकडे जाते, दुसरी नागपूर-कारंज्याकडून येऊन मेहकर-जालन्याची वाट धरते. तालुका बहुतेक कोरडवाहू. खरीप हातात आला तर आला. अशा गावात माणसाला एकच धंदा परवडत नाही. म्हणून चौकात ओळखीचा भेटला की ‘काय करता?’ असं कुणी विचारत नाही, ‘सध्या काय करून रायला बाप्पा?’ असं विचारतात. त्या ‘सध्या’ला आमच्या गावाने दिलेली उत्तरं एकापुढे एक मांडली, तर तालुक्याचा पन्नास वर्षांचा जमाखर्च निघेल.

पहिलं उत्तर आमच्या आईबापांचं: खडी. 1972च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो माणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसली, पाझर तलावांवर माती वाहू लागली आणि सुकडी खाऊन घरी आली. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात 1965च्या सुमारास करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर पोचली. 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून 1975 पासून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. पगारपत्रकावर ही कपात पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आमच्या बायांना बाप्यांइतकीच मजुरी मिळण्याचं पहिलं ठिकाण त्या पैशांवर उभं राहिलं. शेतात बाईची मजुरी कायम उणी. रोजगार हमीच्या मस्टरवर दोघांचा दर एकच, कारण तिथे मोजायचं ते खोदलेल्या खड्ड्याचं माप. अडचण मजुरीच्या दिवसाची होती. माप व्हायचं, कागद तालुक्याला जायचा, आणि तोवर किराणा दुकानदाराच्या वहीत घर चालायचं.

माझ्या वाट्याला खडी आली नाही, कापूस आला. राज्यात 1972च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच द्यायचा, बाहेर विकायचा नाही. दिवाळीनंतर केंद्रापुढे बैलबंड्यांची रांग लागे. या रांगेवर किती जण जगत, याचा हिशोब कुठल्याच अहवालात सापडणार नाही. रात्री बंड्या राखणारा, बैलांना कुटार विकणारा, चहाची किटली फिरवणारा, गंजीवर चढून कापूस तुडवणारी पोरं, काट्यावरचा मापारी आणि हमाल. मी हमाल होतो. कापूस हलका असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी दवाने ओलावलेलं गाठोडं पाठीवर घेऊन बघावं. संध्याकाळी नाकातोंडात रुईचे तंतू आणि खोकला. ग्रेडर कापसाची मूठ उचलून प्रत सांगायचा आणि त्या एका शब्दावर शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब बदलायचा. चुकारे, म्हणजे दिलेल्या कापसाचे पैसे, रखडले की शेतकरी रखडायचा, आणि त्याच्याकडे पैसे अडकलेला सालगडी, शिंपी, किराणेवाला असे सगळेच. गावातली निम्मी देणी-घेणी ‘चुकारा आल्यावर’ या बोलीवर चालत. 2000 नंतर योजना ढिली पडली, खासगी व्यापाऱ्याला वाट मोकळी झाली. बंड्यांची रांग गेली आणि तिच्या भोवतीचा बाजारही उठला.

तोवर सोयाबीन आलं होतं. शंभर-एकशेदहा दिवसांचं पीक, दिवाळीच्या तोंडाशी रोख रक्कम, शिवाय रब्बीला रान मोकळं. कापसाने गावाला महिनोन् महिने वेचणी दिली होती. सोयाबीनने पंधरवड्याची सोंगणी दिली. एकराचा भाव ठरवून टोळी उतरते, कापते, सुडी लावते आणि पुढच्या शेतात जाते. त्यातले पैसे बरे, दिवस थोडे. पुढे तणनाशक आलं आणि निंदणाला जाणाऱ्या बायांचे श्रावण-भाद्रपदातले दिवस रिकामे झाले. नव्या औषधाची गावात चर्चा झाली ती पिकाच्या अंगाने. निंदण गेलेल्या बायांनी मग काय केलं, हे कोणी विचारलं नाही. काही जणी शाळेतल्या खिचडीच्या चुलीकडे वळल्या, काही नवऱ्याबरोबर पुण्याकडच्या बांधकामांवर गेल्या.

रंगाचा डबा माझ्या हाती आला तो कापसाचा हंगाम सरल्यावर. अक्षर बरं होतं, एवढीच पात्रता. भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, बियाण्यांच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, माघात डव्ह्याला नाथनंगे महाराजांची यात्रा भरली की रसवंत्या आणि पाळण्यांचे फलक. निवडणूक म्हणजे आमची सुगी. पण 1995 साली मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध राज्याने कायदा केला, निवडणूक आयोगाचाही बडगा होताच. नंतर फ्लेक्स आला आणि वाढदिवसाच्या फलकावर चाळीस चेहरे एका रात्रीत छापून मिळू लागले. चाळीस चेहरे आम्हाला साता जन्मांत जमले नसते, हेही खरं.

एसटीडी बूथवरचं बसणं मात्र मला मनापासून आवडलं. पिवळी पाटी, काचेचं खोपटं, लाल आकडे पळवणारं यंत्र. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून गर्दी तेव्हाच. गावातली कोणती मुलगी सासरी सुखात नाही, कोणाचा पोरगा पुण्यात नोकरी सोडून बसलाय, हे सगळं माहीत असायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पगार त्याचाच होता म्हणा ना. मोबाइलने हे काम असं संपवलं की खोपट्याच्या काचा कुणी कधी विकल्या, हेही आठवत नाही.

आपल्याकडे पडेल ते काम केल्याची गोष्ट कौतुकाने ऐकली जाते, पण माणूस मोठा झाल्यावर. वाटेगावाहून मुंबईला पायी गेलेले अण्णा भाऊ साठे, गिरणीतून आणि शाळेतल्या शिपाईगिरीतून 1995च्या परभणी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत गेलेले नारायण सुर्वे, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले निळू फुले. त्यांच्या कामांची यादी चरित्रात शोभते. तीच यादी चौकातल्या माणसाने सांगितली तर मुलीचा बाप म्हणतो, ‘पोरगं एका जागी टिकत नाही.’ मला हा आरोप अजिबात मान्य नाही. कापूस खरेदी आम्ही बंद केली नाही, तणनाशक आम्ही आणलं नाही, मोबाइलचा मनोरा आम्ही उभारला नाही. टिकलं नाही ते काम. माणूस तर तिथेच उभा होता.

सरकारी निर्णयांनी आणि रस्त्यांनीही असंच काम दिलं आणि नेलं.   1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा अर्जनवीस, झेरॉक्सवाले, टायपिंगवाले यांना बरे दिवस आले. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. बांधकाम चालू होतं तोवर टिप्परचालक, चौकीदार, जेवणाचे डबे पुरवणारे, सगळ्यांना काम होतं. आता जुन्या सडकेवरच्या ट्रकांपैकी कितीतरी वरच्या वर निघून जातात. पंक्चरवाल्याला समृद्धीवर टपरी टाकता येत नाही आणि त्याच्या दुचाकीलाही तिथे प्रवेश नाही.

सध्याची कामं मोबाइलमधली. 2023 साली राज्याने पीक विमा एक रुपयात केला. सेवा केंद्राला अर्जामागे चाळीस रुपये विमा कंपनीकडून, आणि मीही काही हंगाम दिवसरात्र सातबारे चढवत बसलो. 2025 मध्ये ती योजना गेली. त्याच सुमारास शेतकरी ओळख क्रमांक आला. ई-पीक पाहणी 2021 पासून आहेच. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ठिकाण जुळलं पाहिजे. ज्या म्हाताऱ्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी गल्लीतली पोरं जातात. परवा एकजण बांधावर फोन उंच धरून रेंज शोधत होता. कॉलेजात जातो, सोंगणीला जातो, लग्नात डीजेच्या वायरी ओढतो. ‘पैसे किती घेतो?’ म्हटलं.

‘पन्नास. पण आत्ता कुठं देतेत, काका. सोयाबीन इकल्यावर.’