खिडकी डावीकडची

मुंबईहून जळगावला विमानाने येणार असाल, तर खिडकी डावीकडची मागून घ्या. आपल्या चोपड्याकडच्या माणसाला एसटीतली खिडकी कशी धरायची हे शिकवावं लागत नाही. बाहेरून रुमाल आत टाकला की जागा आपली! विमानात रुमाल चालत नाही आणि नुसती खिडकी मिळूनही भागत नाही.

२०१७च्या डिसेंबरात मुंबई-जळगाव विमान सुरू झालं, ते १९ आसनांचं होतं. मधे वाट आणि दोन्ही हातांना एकेकच खुर्ची, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. ते काही फार टिकलं नाही. पुढे इथे आली ती एटीआर जातीची, पंख्यांची विमानं. मोठ्या जेटचा पंख खिडकीच्या खाली असतो, त्यामुळे मधल्या रांगेतला माणूस पैसे देऊन पत्रा बघत बसतो. एटीआरचा पंख छपराशी असतो आणि विमानही जेटच्या मानाने बरंच खालून जातं. शेतांचे बांध ओळखू येतात.

आता डावीच का? विमान ईशान्येला निघालेलं असतं. अजिंठ्याचे डोंगर उजवीकडे राहतात. डावीकडे आधी गिरणा धरण, मग गिरणेचं खोरं, उतरताना तापी आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे सातपुडा. सकाळचं ऊन उजवीकडून येतं, म्हणून डोळे दिपत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला यावं. उन्हाळ्यात नुसता धुरळा दिसतो. जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा बघून वैमानिकाने उलट बाजूने उतरायचं ठरवलं, तर शेवटची मिनिटं उजवीकडच्यांची. त्याला इलाज नाही.

बँकेत असताना विहिरींच्या कर्जाची प्रकरणं माझ्या टेबलावर येत. सातबारा, नकाशा, विहिरीची खोली. पुढे विहिरींच्या जागी बोअर आले. प्रत्येक फाइल आपल्या गटापुरती बोलायची. वरून बघताना गटांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळं शिवार एका कागदावर येतं. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा पट्टा आहे. डोंगराचं पाणी तिथे जमिनीत मुरतं आणि चोपडा, यावल, रावेरच्या विहिरींना मिळतं. त्या पट्ट्यापासून तापीपर्यंत केळीचे गर्द चौकोन आणि त्यांच्यामधून नाल्यांचे रेताड, पांढरे ओरखडे. एवढी हिरवळ आणि नाल्यात थेंब नाही! पाणी येतं ते जमिनीच्या पोटातून, आणि मुरतं त्याहून उपसलं जास्त जातं. यावल-रावेरकडची पातळी किती खोल गेली हे भूजलाच्या अहवालांत वर्षानुवर्षं छापून येतं. अहवाल वाचतो कोण? खिडकीला नाक लावलेल्या दहा वर्षांच्या पोराला मात्र प्रश्न पडतो, नदी कोरडी तर शेत हिरवं कसं? त्याच्या बापाने उत्तर तयार ठेवावं.

परतीच्या प्रवासात हेच सगळं उजवीकडे येतं. विमान संध्याकाळचं असेल, तर ऊन त्याच बाजूने, समोरून येतं. तेव्हा टोपी जवळ ठेवा आणि पडदा ओढू नका. तापी पहिल्या काही मिनिटांतच मागे पडते.