तिकिटाचा उरलेला तुकडा

झाशी म्हटले की मराठी मनाला राणी लक्ष्मीबाई आठवते. झाशीकरांना मात्र तितक्याच आपुलकीने दुसरे एक नाव आठवते, ते मेजर ध्यानचंद यांचे. ते ३ डिसेंबर १९७९ रोजी निवर्तले आणि येथील हिरोज मैदानावरच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अशा गावी सरकारी कामानिमित्त राहणाऱ्या माणसाला, खेळाच्या स्मृती जपाव्यात कशा, हा प्रश्न पडला तर नवल नाही. त्या स्मृतींचे एक लहानसे साधन म्हणजे दरवाज्यावर फाडून परत मिळालेला तिकिटाचा तुकडा.

धावफलक सांगतो, काय घडले. हा तुकडा सांगतो, ते कोणीतरी प्रत्यक्ष पाहिले. अमेरिकेत असे तुकडे जमविणारे पुष्कळ आहेत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू तेथील प्रमुख बेसबॉल संघातून प्रथम खेळला. त्या सामन्याच्या तिकिटाचा एक तुकडा २०२२ साली ४ लाख ८० हजार डॉलरना विकला गेला. बहुतेकांनी टाकून दिला, म्हणूनच उरलेल्याला एवढे मोल आले.

झाशीपासून सुमारे १०० किलोमीटरवर ग्वाल्हेर आहे. तेथील क्रीडांगणाला ध्यानचंदांचे बंधू कॅप्टन रूपसिंह यांचे नाव आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी याच मैदानावर सचिन तेंडुलकरांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा काढल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील ते पहिले द्विशतक. सकाळी रांगेत उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या हातातील तिकिटावर यातले काहीच छापलेले नव्हते. तिकीट खेळाआधी छापले जाते. त्याचा अर्थ खेळानंतर ठरतो.

म्हणूनच नुसता कागद पुरेसा नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हॉकीचा अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा होता. पावसामुळे तो १५ ऑगस्टला झाला आणि ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली भारताने जर्मनीला ८-१ असे हरविले. आगाऊ छापलेली तारीख आणि खेळाची तारीख एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. ती वर्तमानपत्राशी ताडून पाहावी. शिवाय कोण गेले होते, बरोबर कोण होते, काय पाहिले, हे वेगळ्या कागदावर लिहून तुकड्याबरोबर ठेवावे. टिपण नसेल, तर पुढची पिढी तो तुकडा रद्दीत टाकील, आणि तिला दोष देता येणार नाही.

जतन करण्याचे नियम थोडे आहेत. गोंद किंवा चिकटपट्टी लावू नये, डाग पडतात. ऊन आणि ओल टाळावी. उष्णतेने छपाई होणाऱ्या गुळगुळीत कागदावरील अक्षरे काही वर्षांत पुसट होतात, त्यांचे छायाचित्र लगेच काढावे.

आता पुष्कळ ठिकाणी तिकीट दूरध्वनीच्या पडद्यावर दाखविले जाते, आणि फाडायला कागदच उरत नाही. पण खुल्या मैदानावर हॉकी पाहणाऱ्या कित्येकांना तरी तिकीट कधी मिळाले होते? घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला सामना त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांच्या हयातीतच तारखेसह लिहून ठेवावा. तिकीट नसले तरी साक्ष राहील.