गाइडचा जमाखर्च

परीक्षा जवळ आल्या की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. त्यांतील पुष्कळांच्या हाती क्रमिक पुस्तकाऐवजी गाइड, अपेक्षित प्रश्नसंच किंवा सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका दिसतात. आपल्या व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली वाणिज्य शाखेकडे वळतात. त्यामुळे ‘गाइड घेऊन द्यावे की नाही’ हा प्रश्न आपल्या घरांतही निघतोच. वडीलधाऱ्यांना गाइड म्हणजे आळशाचा आधार वाटतो. मुलांना त्यावाचून उत्तीर्ण होणे अशक्य वाटते. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे. गाइड लाभदायक ठरेल की नाही, हे मुख्यतः ते उत्तर लिहिण्यापूर्वी उघडले की नंतर, यावर ठरते.

गाइडचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. कोणत्या प्रकरणाला किती गुण, प्रश्न कसा विचारतात, पाच गुणांचे उत्तर किती लांब असावे, हे त्यातून लवकर कळते. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकून शहरातील महाविद्यालयात इंग्रजीतून बी.कॉम. करणाऱ्या मुलीला जाडजूड पाठ्यपुस्तक पहिल्याच दिवशी उमगेल, ही अपेक्षा रास्त नाही. तिच्यासाठी गाइड हा हात धरणारा सोबती असतो.

दोष आहे तो तयार उत्तरे पुनःपुन्हा वाचण्याच्या सवयीत. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोधप्रद आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वारंवार वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र चित्र पालटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के, तर लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के आठवले. विशेष म्हणजे, आपल्या लक्षात अधिक राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता.

व्यापाऱ्याला यातील मर्म सहज कळेल. रोजमेळात शिल्लक किती लिहिली आहे हे पाहणे वेगळे आणि गल्ल्यातील रोकड प्रत्यक्ष मोजणे वेगळे. गाइड वाचणे ही लिहिलेली शिल्लक पाहणे होय. ते मिटून कोऱ्या कागदावर उत्तर लिहिणे, ही रोकडमोजणी. तूट असेल तर ती मोजणीतच उघडकीस येते.

एक उदाहरण घेऊ. ‘अखेरच्या मालसाठ्याचे मूल्यांकन मूळ किंमत किंवा निव्वळ वसुली मूल्य यांपैकी जे कमी त्या रकमेने करावे’ हे वाक्य गाइडमध्ये असते आणि मुले ते पाठही करतात. आता प्रश्न असा आला : ८०० रुपयांना घेतलेल्या १०० साड्या जुन्या पडल्या, आज एकेक ६५० रुपयांना जाईल, त्यातही ५० रुपये दलाली लागेल. साठा किती रुपयांचा? उत्तर ६०,००० रुपये. वाक्य पाठ असणारा विद्यार्थी दलाली विसरून ६५,००० लिहितो, किंवा थेट ८०,००० मांडून नफा २०,००० रुपयांनी फुगवतो. दुकानात बसणाऱ्या मुलाला हा नियम का आहे, हे कपाटातील जुना माल दाखवून वडील पाच मिनिटांत समजावू शकतात. हे काम कोणतेही गाइड करणार नाही.

जुने गाइड स्वस्तात मिळते म्हणून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. लेखाकर्माच्या मूलतत्त्वांसाठी ते चालेल. करविषयक अभ्यासाला ते घातक ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी गेले. १९६१ च्या आयकर कायद्याऐवजी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आहे आणि त्यात ‘कर वर्ष’ ही नवी संज्ञा आली आहे. म्हणून आवृत्तीचे वर्ष पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांनी तर आधी संस्थेचेच साहित्य हाताळावे. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था अभ्याससाहित्य, सराव प्रश्नपत्रिका आणि सुचवलेली उत्तरे आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देते. फाउंडेशनच्या चारपैकी दोन प्रश्नपत्रिका वस्तुनिष्ठ असून चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. अर्धवट ओळखीच्या बळावर खूण करणाऱ्याला तेथे दंड भरावा लागतो.

पालकांनी काय करावे? गाइड अवश्य घेऊन द्यावे, पण क्रम ठरवून द्यावा. प्रथम पाठ्यपुस्तकातील प्रकरण वाचावे. मग गाइडमधील फक्त प्रश्न उतरवून घ्यावेत, उत्तरे घड्याळ लावून लिहावीत आणि शेवटी गाइडशी ताडून लाल शाईने चुका नोंदवाव्यात. तोच प्रश्न दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने सोडवावा. परीक्षेच्या आदल्या रात्री सारे उरकण्यापेक्षा हे थोडे थोडे काम अधिक टिकते. वाणिज्य न शिकलेली आईसुद्धा वही हातात घेऊन ‘हे का?’ असा प्रश्न विचारू शकते. मुलाला उत्तर पुस्तकाविना सांगता आले, तर त्या दिवसाचा अभ्यास झाला असे समजावे.

बँकेच्या कर्जविभागात काम करताना, स्वतःच्या पेढीचा ताळेबंद वाचता न येणारे पदवीधर मालक मी पुष्कळ पाहिले. कागद लेखापाल तयार करी, हे सही करीत. येणी का वाढली असे विचारले की शेजारी बसलेल्या मुनीमजींकडे पाहत. गुणपत्रिकेवर प्रथम श्रेणी होती, परंतु विद्या गाइडमध्येच राहून गेली होती. मुलांच्या पदवीवर आपण मोठी रक्कम खर्च करतो. तिचा परतावा परीक्षेनंतर दहा वर्षांनी, पेढीवर बसल्यावर, मिळावयाचा असतो. गाइड विकत घेताना हा दूरचा हिशेबही मनात धरावा.