लहान पडद्यासाठी मोठे चित्रण

आमचे वडीलबंधू गादीवर बसून जुन्या व्यापाराच्या आठवणी सांगत असतानाचा व्हिडिओ आम्ही काटकसर म्हणून लहान आकारात घेतला. मोबाइलवरच पाहावयाचा आहे, मोठे रिझोल्यूशन कशास, असा आमचा हिशेब. बंधू आता हयात नाहीत. चित्र जरा मोठे केले की त्यांची मुद्रा पुसट होते, आणि जे टिपलेच नाही ते खरेपणाने परत आणणारे यंत्र नाही.

म्हणून सभासद बंधुभगिनींस हे सांगणे. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर चौपट. ते लहान करताना चार बिंदूंच्या सरासरीने एक बिंदू होतो. पोत्यातील चार ठिकाणचे दाणे पाहून ठरविलेला भाव अधिक खरा असतो, तसेच हे. मंद उजेडात चित्रावर उठणारी खर त्यामुळे बरीच कमी होते. शिवाय बहुतेक कॅमेरे जागा वाचविण्यासाठी चार बिंदूंस मिळून एकच रंग नोंदवितात. लहान केलेल्या चित्रात प्रत्येक बिंदूस स्वतःचा रंग लाभतो.

जागा मात्र अधिक लागते. आयफोनवर सेकंदास ३० चित्रे या वेगाने मिनिटास फुल एचडीला सुमारे ६० एमबी, तर फोर-केला सुमारे १७० एमबी.

संगणकावरील खतावणीचे चित्रण करावयाचे असल्यास हा नियम लावू नये. बारीक आकडे लहान करताना अस्पष्ट होतात. तेथे अंतिम आकारच आरंभी ठरवून अक्षरे मोठी करून घ्यावीत.