कैची जमिनीवरच तपासा

घर बांधताना आपण विटा वाजवून बघतो, सिमेंटची पोती मोजून घेतो. छपराकडे मात्र पाऊस आला की बघतो. तोवर कैची वर चढलेली असते. वर चढलेल्या कैचीचे दोष खालून दिसत नाहीत.

आता लोखंडी पाइपच्या कैच्या आणि टिनाचे पत्रे आले आहेत. तरी आपल्या मोहाडीकडच्या गावांत लाकडी कैचीवरची कवेलूची छपरे अजून आहेत. त्यांच्याखाली माणसे झोपतात, पोरे शिकतात. म्हणून ही माहिती.

कैची काय काम करते ते आधी समजून घ्या. दोन माणसांनी समोरासमोर उभे राहावे. तळहाताला तळहात टेकावा आणि पाय मागे मागे न्यावेत. थोड्या वेळाने पाय घसरू लागतात. आता दोघांच्या पायांना एकच दोरी बांधा. पाय घसरत नाहीत. दोन माणसे म्हणजे कैचीची दोन तिरपी लाकडे. दोरी म्हणजे खालची आडवी तुळई. तुळई नसली, किंवा तिचा सांधा सुटला, तर तिरपी लाकडे बाहेर पसरतात आणि भिंतीला ढकलतात.

किती जोराने ढकलतात? हिशेब करू. शाळेची खोली ६ मीटर रुंद आहे. दर ३ मीटरवर एक कैची आहे. दोन्ही उतार मिळून एका कैचीच्या वाट्याला सुमारे २१ चौरस मीटर छप्पर येते. एका चौरस मीटरला सुमारे १६ मंगलोरी कवेलू लागतात. एक कवेलू सुमारे पावणेतीन किलोचे. म्हणजे ३३६ कवेलू, सव्वानऊ क्विंटल वजन. आपल्या भाषेत ४० किलोचे २३ कट्टे धान! पावसात कवेलू पाणी पितात. सहावा हिस्सा पाणी धरले तर आणखी दीड क्विंटल वाढते. वर वासे, रिपा आणि वारा आहेच. गावठी कवेलूंचे दुहेरी थर असतील तर वजन याहून पुष्कळ जास्त.

आता माझ्यावर गुदरलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. तीसेक वर्षांपूर्वी मी एका शाळेवर होतो. तिथे नवी खोली बांधली. तुळईचे लाकूड हातभर आखूड आले. दुसरे मागवायचे तर दिवस जातील, म्हणून तेच वापरले. तिरपे लाकूड तुळईत जिथे खाच करून बसते, तिथून पुढे तुळईचे टोक चारच बोटे उरले. मी विचारले, तर मिस्तरी म्हणाला, "गुरुजी, चार बोटं कमी झाली तं काय होते?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मी गप्प बसलो. हे मला आजही सलते.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी खोली झाडणाऱ्या बाईंनी मला बोलावले. भिंतीला वरून भेग पडली होती. कवेलूची ओळ खचली होती. मी पोरांना बाहेर काढले आणि वर्ग झाडाखाली नेला. तिसऱ्या दिवशी रात्री तो भाग खाली आला. खोलीत कोणी नव्हते.

मग एका जाणत्या वाढईने मला मोडलेली तुळई दाखवली. तिरपे लाकूड खाचेत बसून टोकाला सतत बाहेर रेटत असते. खाचेपुढचे लाकूडच त्याला अडवते. ते कमी पडले की रेषेरेषेने सोलून निघते, जळणाची ढलपी निघते तसे. म्हणून नकाशात इंजिनिअरने दिले असेल तेवढे टोक सोडावेच, आणि टीचभरापेक्षा कमी तर कधीच नाही.

तुळई ओलीही होती. ओले लाकूड वाळताना लांबीला फारसे आटत नाही, रुंदीला आटते. १५ सेंटीमीटरचे लाकूड अर्धा सेंटीमीटर आवळू शकते. साग कमी आवळतो, येन जास्त. घट्ट ठोकलेला सांधा मग सैल होतो. लाकूड वाळले की नाही हे कसे ओळखावे? कापलेल्या लाकडाच्या मधून एक तुकडा घ्या, टोकाचा नको, टोक आधी वाळते. सोनाराच्या काट्यावर तोला. मग त्याचे वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत तो वाळवा आणि पुन्हा तोला. १२० ग्रॅमचा १०० ग्रॅम झाला, तर शंभराला २० भाग पाणी होते. यापेक्षा जास्त असेल तर ते लाकूड कैचीला घेऊ नका. सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये काड्या घालून रचून ठेवा. जाड लाकडाला वर्षभर आणि जास्तही लागते. घाई करणाऱ्याला हे पटत नाही, पण लाकूड आपल्या घाईने वाळत नाही.

रेषा बघायच्या असतील तर शाईचा थेंब टाका. शाई रेषेच्या वाटेने पसरते. हातभर लांबीत रेषा दोन बोटांहून जास्त तिरपी गेली, तर ते लाकूड तुळईला नको. काठावरची मोठी गाठ, चीर, सागाचा पांढरा भाग हेही नको. पांढऱ्या भागाला घुण आणि उधई लवकर लागते.

कैचीच्या मधोमध उभा खांब असतो. तो तुळईवर उभा राहून आड्याला टेकू देतो, असे पुष्कळ लोक समजतात. तसे नाही. तो आड्यापासून खाली लोंबतो आणि तुळईला वर धरून ठेवतो. त्याच्या तळातून निघणारे धिरेही त्याला खालीच दाबतात. म्हणून खांब आणि तुळई यांना लोखंडी पट्टीने अन् बोल्टने बांधावे लागते. नुसता खिळा ठोकून भागत नाही. खिळ्यांचाच सांधा असेल तर आधी बारीक भोक पाडावे आणि खिळे एका रेषेत ठोकू नयेत. नाहीतर लाकूड फाटते.

अमेरिकेत १९५० च्या दशकापासून कारखान्यात दातेरी पत्र्यांनी कैच्या जोडतात. तिथे दात पुरते रुतले का, पत्रा ठरल्या जागी आहे का, लाकडांत फट राहिली का, हे कैची बाहेर जाण्याआधी बघतात. आपल्याकडे कारखाना नसला तरी सपाट अंगण आहे. कैची पुऱ्या मापाने चुन्याने जमिनीवर आखा. पहिली कैची त्या आखणीवर जुळवा. पुढची प्रत्येक कैची पहिलीवर ठेवून बघा. सांध्यात पोस्टकार्ड जात असेल तर सांधा पुन्हा करायला लावा. शाळा व्यवस्थापन समितीवर तुमच्यापैकी कोणी असेल, तर त्याने नकाशा हातात घेऊन टेपने टोके मोजावीत. मिस्तरी रागावला तर रागावू द्या.

भिंतीत जाणाऱ्या टोकांना डांबर लावून भोवती हवेला जागा ठेवा. बोल्ट पहिल्या वर्षी पावसाळ्याआधी एकदा पुन्हा आवळा, कारण वाळके लाकूडही थोडे आवळते. त्या वेळी शिडीवर चढलाच आहात, तर खाचेपुढचे टोक बोटाने चाचपून बघा. केसाएवढी चीर लागली, तरी पेन्सिलने तिच्या शेवटाला खूण करून तारीख लिहा, आणि महिन्याने पुन्हा चढा. चीर खुणेच्या पुढे गेली असेल, तर खाली झोपणाऱ्यांना त्याच दिवशी दुसरीकडे हलवा आणि इंजिनिअरला बोलवा.