मालवणी थाळीत नसलेले जेवण

मालवणी जेवण म्हटले, की आज कोणाच्याही डोळ्यांसमोर कोंबडी-वडे, तळलेली सुरमई, तिखटजाळ रस्सा आणि सोलकढी येते. मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर हेच असते आणि मालवण-तारकर्लीतही हेच. पण वडे-सागोती ही सणाची, पाहुणचाराची, चाकरमानी गावी आला म्हणजे करायची गोष्ट. रोजच्या पानात पेज, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, परसातला पाला आणि परवडेल ती तारली नाहीतर बांगडा असे. या साध्या जेवणाला कोणी ‘मालवणी’ म्हणून मिरवले नाही. त्यामुळे ते नाहीसे होतानाही फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

पेज म्हणजे उरलेल्या भातात पाणी घालणे नव्हे. उकडा तांदूळ भरपूर पाण्यात, मंद आचेवर, शीत मऊ होईपर्यंत पण मोडू न देता शिजवायचा, वरून मीठ. सोबत लोणचे, खोबऱ्याची चटणी किंवा निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. शेतात फणसाचे पान दुमडून, काडीने टाचून त्याचाच चमचा करीत. पहाटे उठून तीन-चार तास राबलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि बळ एकदम देणारे असे हे अन्न होते.

पिठीचेही तसेच. कुळीथ भाजायचे, जात्यावर भरडायचे, पाखडून टरफले काढायची, मग दळायचे. एवढे केले, की वर्षभर कोणत्याही रात्री लसूण, मिरची आणि दोन सोलांवर घटकाभरात कालवण तयार होई. पावसाळ्यात होड्या बंद आणि ताजी मासळी दुर्मीळ असताना पिठी-भात आणि सुका बांगडा यांवर घर तरून जाई.

मग हे मागे का पडले? केवळ चव बदलली म्हणून नव्हे. पेज दहा-अकराच्या सुमारास, कामाच्या मध्यावर घेतली जाई. शाळा आणि कचेरीच्या घड्याळात ती वेळच उरली नाही. तिची जागा चहा-पावाने घेतली. घरी भात उकडून वाळवणे थांबले, आणि रेशनच्या तांदळाची तशी पेज होईना. नाचणी डोंगरउतारावर पिके. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कोकणातल्या अनेक उतारांवर काजू आणि आंबा आला. त्याने घरात पैसा आणला, हे खरेच; पण भाकरीचे धान्य शेतातून गेले.

दुसरे कारण बाजाराचे. गिरणगावातल्या खानावळींत कोकणी कामगाराला घरासारखे साधे जेवण मिळे. १९८२च्या संपानंतर गिरण्यांबरोबर तो गिऱ्हाईकही ओसरला. पुढे सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्यापुढे पेज कोण ठेवणार? त्याला सणाचेच ताट वाढले जाणार. मात्र ते ताट रोज वाढले गेल्यामुळे तेच आपले जेवण, असे पाहुण्यांना वाटले आणि हळूहळू आपल्यालाही.

तिसरे कारण सांगायला अवघड आहे: लाज. पेज ही गरिबीची खूण मानली गेली. ‘तुमच्याकडे काय खातात?’ असे विचारले, तर आजही आजीबाई आधी वड्यांचे नाव घेतात. पेजेचा विषय आपण काढला, तर हसून सोडून देतात. आणि त्यांचे चुकते असेही नाही. जाते आणि मुसळ यांच्यामागे बायकांचे खांदे झिजले. ते कष्ट परत यावेत, असे कोणी म्हणू नये.

इंग्लंडमध्येही घरगुती साध्या स्वयंपाकाबद्दल अशीच हळहळ व्यक्त झाली. तिथे फ्लोरेन्स व्हाइट या बाईंनी १९२८ साली लोकपाककृती जपण्यासाठी संस्था काढली, घरोघरच्या कृती मागवल्या आणि १९३२मध्ये त्यांचे पुस्तक केले. हॉटेलात न मिळणारे अन्नही इतिहासाचा ऐवज असते, हे त्यांना उमगले होते. आपल्याकडे कुळीथ पीठ आता पर्यटकांच्या दुकानांत पाकिटात मिळते आणि नाचणी बिस्किटांतून परतली आहे. वस्तू टिकली. पण पाणी किती, सोले कधी घालायची, कोणत्या पाल्याला काय सोसते, हे पाकिटावर येत नाही. ते ज्यांच्या हातात आहे, त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

दिवाळीत आपल्याकडे चावदिसाला पहाटे तुळशीपुढे कारीट फोडतात आणि मग पोहे खातात. एकेकाळी ते नव्या भाताचे, घरच्या वायनात कांडलेले असत. आता पोहे दुकानातून येतात, तरी गोड, तिखट, दुधातले असे चार प्रकार अजून अनेक घरांत होतात. कांडणे गेले, पण रीत राहिली, कारण त्या दिवसाला नाव आहे. पेज-पिठीला असा दिवस नाही. यंदा पोहे खाऊन झाले, की घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसावे, आणि वड्यांचे नव्हे, पेजेचे प्रमाण विचारावे.