शतांशाचे मोल

वेल्ह्याच्या डोंगराळ मुलुखातील पासली गावी शाळेच्या पटांगणावर लांब उडीची स्पर्धा चालली आहे, अशी कल्पना करावी. चार मुलांनी उड्या मारल्या आणि फळ्यावर आकडे लिहिले गेले : ४.१९ मीटर, ४.३ मीटर, ४.०८ मीटर आणि ४.२५ मीटर. यांत पहिला कोण? घाईने वाचणारा म्हणेल, "पंचवीस सर्वांत मोठे, तीन सर्वांत लहान." या न्यायाने ४.३ मीटर उडी मारणारा मुलगा शेवटचा ठरेल. वास्तविक पहिला क्रमांक त्याचाच आहे. वाचनातील एका चुकीमुळे त्याच्या श्रमांवर पाणी पडेल.

ही चूक होते, कारण दशांशचिन्हापुढील अंक पूर्ण संख्येप्रमाणे वाचले जातात. या चिन्हाच्या उजवीकडील पहिले घर दशांशाचे, तर दुसरे शतांशाचे असते. ४.३ मधील ३ म्हणजे तीन दशांश, अर्थात तीस शतांश होत. मीटरचा शतांश म्हणजे सेंटिमीटर. म्हणून ही उडी चार मीटर तीस सेंटिमीटर भरली. ४.०८ मधील शून्य दशांशाचे घर रिकामे असल्याचे सांगते. अपूर्णांकाच्या शेवटी शून्य लिहिल्याने त्याची किंमत बदलत नाही. म्हणून ४.३ ऐवजी ४.३० लिहून सर्वांची घरे सारखी करावीत. मग ४.३०, ४.२५, ४.१९, ४.०८ हा उतरता क्रम सहज लागतो.

जगातील मोठमोठ्या स्पर्धांचे निकालही अशाच लहान अपूर्णांकांवर ठरतात. ६ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत झाली. या शर्यतीत धावपटूला अठ्ठावीस अडथळे ओलांडावे लागतात आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. १९९८ ते २०१८ या काळातील सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत तिची तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनी जिंकली होती. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या शेतकरी कुटुंबात वाढलेल्या आणि सैन्यात जवान झालेल्या अविनाश साबळे याने ही परंपरा मोडली.

त्या दिवशी केनियाच्या एब्राहम किबिवोटने ८ मिनिटे ११.१५ सेकंद घेतले, तर साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंद. तिसऱ्या धावपटूला ८ मिनिटे १६.८३ सेकंद लागले. उडीत मोठी संख्या श्रेष्ठ. शर्यतीत मात्र कमी वेळ घेणारा श्रेष्ठ. म्हणून येथे चढता क्रम लावावा लागतो. ११.२० मधील शून्य गाळून ११.२ असे लिहिले, तर "पंधरापेक्षा दोन लहान" असे समजून कोणी सुवर्णपदक साबळेलाच देईल. परंतु वीस शतांश हे पंधरा शतांशांहून अधिक आहेत. त्यामुळे किबिवोटला सुवर्ण आणि साबळेला रौप्यपदक मिळाले.

या दोघांत अंतर होते ०.०५ सेकंदाचे. साबळेच्या त्या शर्यतीतील सरासरी वेगाने एवढ्या वेळात जेमतेम तीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक फूट अंतर तोडले जाते. तीन हजार मीटरच्या दौडीनंतर एका फुटाने पदकाचा रंग ठरला!

साबळे तेवढ्यावर थांबला नाही. २०२४ मध्ये पॅरिस येथे त्याने हेच अंतर ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत तोडून राष्ट्रीय विक्रम केला. येथे ९१ हा आकडा पाहून गोंधळण्याचे कारण नाही. मिनिटे समान असल्याने प्रथम पूर्ण सेकंद पाहावेत. नऊ हे अकराहून लहान आहेत. तेथेच निर्णय लागतो. पूर्णांक समान असतील तर दशांश पाहावा, दशांशही समान असेल तर शतांश.

अंकाचे मोल त्याच्या स्थानावरून ठरते. ते स्थान ओळखून वाचणाराच पासलीच्या पटांगणावर असो वा बर्मिंगहॅमच्या मैदानावर, प्रत्येकाच्या श्रमांना योग्य न्याय देऊ शकतो.